गंज लागू नये म्हणून

१ नोव्हेंबर, शुक्रवार

आज लक्ष्मीपूजन, आणि सकाळीच दाराला नोटीस. इमारतीचं तळघर आठवड्यात रिकामं करायचं आहे. लोकांची जुनी कपाटं, सायकली, गाद्या आणि माझी मोटरसायकल, सगळं बाहेर. चार हिवाळे ती तिथे कोरड्यात राहिली. आता मागच्या उघड्या पार्किंगात राहणार, आणि आखाताच्या काठावरच्या या अबू हलीफात उघड्यावर म्हणजे समुद्र तीन गल्ल्यांवर. इथल्या हिवाळ्यातलं दव खारट असतं. बाल्कनीच्या गजांना दर दोन वर्षांनी रंग द्यावा लागतो, तिथे स्पोक्सची काय कथा.

उन्हाळ्यात इथे मोटरसायकल बाहेर काढायची सोय नाही, माणूस भाजून निघतो. चालवायची ती हिवाळ्यात, आणि गंजते तीही हिवाळ्यातच.

शोरूमला फोन केला. त्यांचं गंजरोधक लेपाचं पॅकेज आहे. आकडा ऐकून मी मुकाट्याने फोन ठेवला. रेखा म्हणाली, "जुईलीच्या पुण्याच्या खोलीचं डिपॉझिट भरायचंय. तुमच्या गाडीला पंधरा दिनार. त्यावर एक फिल्स नाही." मी मान्य केलं. एकावन्नाव्या वर्षी मोटरसायकल घेणाऱ्या नवऱ्याला जी बाई हसली नाही, तिचं एवढं ऐकायलाच हवं.

म्हणून ही वही. वर्कशॉपमध्ये तपासायला येणाऱ्या प्रत्येक प्रेशर गेजची नोंद ठेवतो, मग गाडीने काय घोडं मारलंय?

५ नोव्हेंबर, मंगळवार

गाडी बाहेर आणून तीनच रात्री झाल्या आणि पुढच्या चाकाच्या चार स्पोक्सवर तांबडे ठिपके. अगदी मोहरीएवढे. बोटाने पुसले, गेले नाहीत.

खालच्या मजल्यावरचा अरुणकुमार भेटला. तामिळनाडूचा आहे, खैरानला समुद्रकाठच्या बंगलेवाल्यांच्या बोटींची इंजिनं दुरुस्त करतो. ठिपके पाहून म्हणाला, "देवरेभाई, दुकानाचा स्प्रे घेऊ नका, दोन पावसांत उडून जाईल. शुक्रवारी मी एक डबा आणतो."

"कसला?"

"मेंढीचा," म्हणाला आणि हसत निघून गेला.

८ नोव्हेंबर, शुक्रवार

डब्यात लोकरीची चरबी होती. मेंढीची लोकर धुताना जे मेण निघतं ते. बोटीच्या पंख्याला लावतात, महिनोन् महिने खाऱ्या पाण्यात राहूनही धातू तसाच. रेखाने डबा पाहिला आणि म्हणाली, "अहो, हे लॅनोलिन. आमच्याकडे बाळंतिणींना देतो आम्ही हे, शुद्ध केलेलं. त्वचा चिरू नये म्हणून." तेवीस वर्षं नर्स आहे, तिला माहीत नाही असं काही नसतं.

अरुणकुमारने सगळं करून दाखवलं. आधी गोड्या पाण्याने गाडी धुवायची, पण जोराच्या फवाऱ्याने नाही. बादली आणि स्पंजाने. मग कोरडी पुसायची. मग दहा किलोमीटर फिरवून आणायची, म्हणजे इंजिनाच्या उष्णतेने कानाकोपऱ्यातलं पाणीही उडतं. मग मेणात थोडं रॉकेल मिसळून ब्रशने पातळ हात द्यायचा: फ्रेम, स्पोक्स, नटबोल्ट, स्टँड. टायरला आणि ब्रेकच्या चकतीला चुकूनसुद्धा लावायचं नाही. ठिपक्यांवर ॲल्युमिनियम फॉइलचा बोळा पाण्यात बुडवून घासला तर ते निघाले. मी बघतच राहिलो. आपल्या डब्यातल्या पोळीचा कागद!

जुईली मदतीला आली. आपणहून. एरवी शुक्रवारी अकराच्या आत ही मुलगी डोळे उघडत नाही. डबा उघडल्याबरोबर ओरडली, "बाबा, इट स्टिंक्स! ओल्या मेंढीसारखा वास येतोय!"

मला काही आला नाही. रॉकेलचाही नाही. इथल्या धुळीने माझं नाक बंदच असतं, यात माझा फायदा. बाकीचे नाकाला रुमाल लावून उभे, आणि मी मजेत ब्रश फिरवतोय.

एकूण खर्च सव्वादोन दिनार. अरुणकुमार मेणाचे पैसे घेईना. देव त्याचं भलं करो.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार

परवा पहिला पाऊस झाला. मी शहाणपणा करून गाडीला प्लास्टिकचं जाड कव्हर घट्ट बांधलं होतं. आज उघडलं तर आतून थेंबच थेंब. गाडी बाहेरच्यापेक्षा आत जास्त भिजलेली. अरुणकुमार म्हणाला, धातूला श्वास लागतो. मग रेखाची जुनी सुती चादर आधी, वरून सैल कव्हर, खाली चारी बाजूंनी वारा खेळायला जागा. चाकांखाली फळ्या. सायलेन्सरच्या तोंडात चिंधी.

चादर बांधताना गाठ बसेना. बोटं गारठल्यावर अशीच करतात. पारा सोळावर आहे, जुईली अर्ध्या बाह्यांच्या शर्टात होती. तिने गाठ मारली.

१९ नोव्हेंबर, मंगळवार

आज गाडीबद्दल नाही, पण लिहून टाकतो. मन मोकळं होईल.

वर्कशॉपमध्ये आमच्या टेबलाला आता रूपेश आहे. जळगावचा, बत्तीस वर्षांचा, हुशार पोरगा. मीच त्याला दोन वर्षं शिकवलं. हल्ली तो माझ्याभोवती घुटमळतो. मी गेज तपासून ट्रेमध्ये ठेवलं की थोड्या वेळाने ते त्याच्या टेबलावर दिसतं. विचारलं तर म्हणतो, "काही नाही सर, स्टिकर नीट चिकटलंय का बघत होतो." स्टिकर! मला कळत नाही का? माझं वय झालं, खुर्ची लवकर रिकामी व्हावी, असं वाटत असणार. मी त्याच्या वयाचा असताना मलाही वाटलंच असेल.

येत्या रविवारपासून तो दहा दिवस सुट्टीवर चाललाय. बहिणीचं लग्न. तेवढंच मोकळं काम करता येईल.

२२ नोव्हेंबर, शुक्रवार

गाडी धुतली, पुसली, फहाहीलपर्यंत फिरवून आणली. सकाळी समुद्रावरून असा काही वारा होता की दहा वर्षांनी लहान झाल्यासारखं वाटलं. एकही ठिपका नाही. मेंढीचे उपकार.

आज एक गंमत झाली. गाडी लावून पार्किंगातून जिन्याकडे येत होतो. सहज वर पाहिलं तर रेखा बाल्कनीत उभी राहून माझ्याकडे एकटक बघतेय. हात हलवला तर दचकून आत गेली. वर आल्यावर म्हणाली, "परत एकदा खाली जाऊन याल? भाजीवाल्याकडून कोथिंबीर." गेलो, आलो, तर पुन्हा बाल्कनीत. लग्नाला सव्वीस वर्षं झाली, आणि बायको बाल्कनीतून नवऱ्याची चाल न्याहाळतेय! कोणाला सांगायची सोय नाही. पण दिवसभर बरं वाटलं.

६ डिसेंबर, शुक्रवार

आज साखळी. रॉकेलने साफ केली, कोरडी केली, मग गिअर ऑइलचे थेंब. मागच्या चाकाचा नट तीन वेळा हातातून पडला. तेलकट हात. जुईली म्हणाली, "मी घट्ट करू?" मग म्हणाली, सगळं नीट क्रमाने सांगा, मी व्हिडिओ करते. कुठला नट कुठे, किती आवळायचा, बॅटरीच्या टोकांना व्हॅसलीन का, टाकी भरलेली का ठेवायची. (रिकाम्या टाकीत आतून पाणी सुटतं आणि पत्रा आतून गंजतो, दिसतही नाही.) मी विचारलं, "एवढं शिकून काय करणार? तू तर जानेवारीत पुण्याला चाललीस."

"जॉइनिंग पुढे गेलंय बाबा. मार्चमध्ये."

कंपन्यांचा काही भरवसा नाही. पोरीला ऑफर द्यायची आणि ताटकळत ठेवायचं. मी चार शब्द सुनावले कंपनीला, ती साखळी पुसत राहिली. एका अर्थी मला आनंदच झाला. दोन महिने जास्त मिळाले.

१३ डिसेंबर, शुक्रवार

रेखा ही वही उघडून बघत होती. मी म्हटलं, वाच की, गाडीच्या नोंदी आहेत. तिने वाचलं नाही, नुसती पानं पुढे मागे उलटली. म्हणाली, "पहिल्या पानावरचं अक्षर आणि आताचं बघा. मुंग्या चालल्यासारखं झालंय."

"कागदाची बचत," मी म्हटलं. "बजेटमध्ये राहायचंय ना?"

हसली नाही. चहा ठेवायला गेली.

२० डिसेंबर, शुक्रवार

गाडी पडली. म्हणजे मी पाडली.

सकाळी दाट धुकं होतं. फिरून आलो, पार्किंगात शिरलो, ब्रेक मारला, डावा पाय टेकवायचा तर तो टेकलाच नाही. मी सांगितलं आणि पायाने ऐकलं नाही, असं काहीतरी. पावणेदोनशे किलोची गाडी डावीकडे कलली आणि मी तिच्या खाली. जमीन ओली होती, हे कारण मी सगळ्यांना सांगितलं. अरुणकुमार आणि आणखी दोघांनी उचललं. पायाला मुका मार, घोट्याला सूज. मोडलं काही नाही. हेल्मेट होतं. किती जणांचे आभार मानू?

जिन्यात जुईली रडत होती. एवढं काय? आरसा फुटलाय आणि इंडिकेटर, बाकी काही नाही.

रेखाने बर्फ लावला. मग समोर बसली, माझे दोन्ही हात हातात घेतले, आणि नर्सच्या आवाजात म्हणाली, "सोमवारी माझ्याबरोबर हॉस्पिटलमध्ये यायचंय. घोट्यासाठी नाही. वेळ मी तीन आठवड्यांपूर्वीच घेतलीय."

२३ डिसेंबर, सोमवार

डॉक्टर लुबना. मेंदू आणि नसांच्या. चाळिशीच्या असतील, हळू बोलतात, घाई नाही.

अंगठा आणि तर्जनी भराभर टेकवायला लावलं. उजवं बरं चाललं, डावं चार वेळांत दमलं. कॉरिडॉरमध्ये चालवलं. एक वाक्य दहा वेळा लिहायला लावलं. दहावं मलाच वाचता येईना. मग डोळे मिटायला सांगून एक बाटली नाकाशी धरली. "काय आहे?" मी म्हटलं, काही नाही. कॉफी होती. दुसरी. काही नाही. ती लवंग होती. रेखा माझ्या मागे उभी होती. तिचा श्वास मला ऐकू आला.

पार्किन्सन्स. सुरुवातीचा.

डॉक्टर म्हणाल्या, वास जाणं हे कधी कधी कित्येक वर्षं आधी होतं. चालताना तुमचा डावा हात हलत नाही, हे तुमच्या पत्नीने लिहून दिलं, तारखेसहित. इतकं नीट निरीक्षण करून कोणी येत नाही.

मी विचारलं, "मी यातून बरा होईन?"

"बरे होणार नाही," त्या म्हणाल्या. "पण गोळ्यांनी पुष्कळ वर्षं चांगली जातील. तुम्ही लवकर आलात. सध्या मोटरसायकल चालवायची नाही."

घरी येताना टॅक्सीत रेखा रडली. मी नाही. मला कोथिंबीर आठवत होती.

२७ डिसेंबर, शुक्रवार

खाली गेलो नाही. गाडी तशीच असेल, असू दे.

वही पहिल्यापासून वाचली. काय मूर्ख माणूस आहे हा लिहिणारा! सगळं स्वतःच्या हाताने लिहून ठेवलंय, आणि त्यालाच कळलं नाही. बाल्कनीवाल्या पानाशी आलो आणि आधी हसू आलं, मग बराच वेळ दुसरंच काहीतरी. मी तिकडे खुळ्यासारखा खूश झालो होतो, आणि ती वर कठड्याला धरून माझा डावा हात बघत होती.

रेखाला विचारलं, "तेव्हाच का नाही बोललीस?"

"खात्री नव्हती. आणि तुम्ही इतके खुशीत होता त्या गाडीमुळे. म्हटलं, वेळ मिळेपर्यंत तरी राहू देत."

पुढचं मात्र झोप लागू देत नाही. हे हात महिनोन् महिने वर्कशॉपमध्ये गेज तपासत होते. त्या गेजवर बघून माणसं कॉम्प्रेसरसमोर उभी राहतात.

२९ डिसेंबर, रविवार

रूपेशला जेवणाच्या सुट्टीत बाहेर नेलं आणि सरळ सांगितलं. आजाराचं नाव, सगळं. मग विचारलं, "माझी गेजं तू परत तपासत होतास?"

त्याने डब्याचं झाकण लावलं. मग म्हणाला, "ऑगस्टपासून सर. पहिल्यांदा एक चुकलेलं सापडलं, वाटलं, होतं असं कधीतरी. मग आणखी एक. तुमचा स्क्रू ड्रायव्हर घसरायचा. मी दुरुस्त करून परत ट्रेमध्ये ठेवायचो."

"साहेबांना का नाही सांगितलंस?"

"तुम्ही मला हे काम शिकवलं सर. मी काय तुमचं नाव सांगू?"

या मुलाबद्दल मी एकोणीस नोव्हेंबरला काय लिहिलंय! पान फाडून टाकावंसं वाटलं. फाडणार नाही. राहू दे, मला अधूनमधून वाचायला लागेल.

पण तो दहा दिवस सुट्टीवर होता. त्या काळात मी एकट्याने सही करून अकरा गेजं पाठवली. नोंदवही पाहिली. अकराही आज कुठे ना कुठे बसवलेली आहेत. रूपेश म्हणाला, "सर, मी काहीतरी निमित्त काढून ती परत मागवतो. कोणाला कळणार नाही."

मी म्हटलं, विचार करतो.

३० डिसेंबर, सोमवार

विचार केला. रेखाला विचारलं. कंत्राटावरची नोकरी, आजाराचं कळलं की उद्या घरी जा म्हणू शकतात, आणि मग इथला इकामा म्हणजे राहण्याचा परवाना, रेखाची नोकरी, सगळंच डळमळतं. रेखा म्हणाली, "निमित्त काढून मागवायला महिना लागेल. महिनाभर तुम्ही जेवाल का?"

सकाळी आठला मॅनेजरच्या केबिनमध्ये गेलो. ते सुदानी आहेत, मोजकं बोलतात. डॉक्टरचा कागद ठेवला, अकरा नंबरांची यादी ठेवली आणि म्हटलं, ही गेजं आजच काढून परत तपासा. रूपेश ऑगस्टपासून माझी कामं तपासत होता हेही सांगितलं, पण तो दोषी नाही, माझ्या चुका त्याने निस्तरल्या, असं तीनदा म्हणालो.

त्यांनी यादीवरून बोट फिरवलं. मग फोन उचलला आणि अरबीत कोणाशी तरी भराभर बोलले. मला म्हणाले, "तुम्ही घरी जा. मी कळवतो."

पायऱ्या उतरताना माझा डावा पाय शहाण्यासारखा चालला. याचंही आश्चर्य वाटलं.

२ जानेवारी, गुरुवार

फोन नाही.

६ जानेवारी, सोमवार

आज बोलावलं. अकरापैकी नऊ बरोबर. दोन कमी दाब दाखवत होती. त्यातलं एक नायट्रोजनच्या लाइनवर, आणि तिथला माणूस रोज त्याच्यावर बघून व्हॉल्व्ह उघडतो. काही झालं नाही. नशीब. मी केबिनमध्येच खुर्चीवर बसलो.

मॅनेजर म्हणाले, "तुम्ही सांगितलं नसतं तर मला हे अपघाताच्या अहवालातून कळलं असतं." मग पाण्याचा ग्लास माझ्याकडे सरकवला. "हाताचं काम बंद. नोंदी तुम्ही बघायच्या, आणि नवीन चार मुलांना शिकवायचं. कंत्राट संपेपर्यंत, म्हणजे पुढच्या डिसेंबरपर्यंत. त्यापुढचं मी आज सांगू शकत नाही." पगार थोडा कमी होईल. रूपेशला लेखी ताकीद मिळाली आणि त्याच कागदाबरोबर माझी जागाही.

एक वर्ष. मी ते एखाद्या भेटीसारखं घरी घेऊन आलो. रेखाने दार उघडलं, माझं तोंड पाहिलं आणि न विचारता शिरा करायला घेतला. वेलदोड्याचा वास येत नाही मला. पण ती कुटत होती तो आवाज छान होता.

१० जानेवारी, शुक्रवार

तीन आठवड्यांनी खाली गेलो. मनाची तयारी करून, की स्पोक्स लाल झाले असतील.

चादर काढली. गाडी चकचकीत. नवा आरसा, नवा इंडिकेटर. फ्रेमवर मेणाचा ताजा पातळ हात. फळ्यांवर उभी, सायलेन्सरमध्ये चिंधी, बॅटरी काढून वर घरात चार्जिंगला. मी घरातच असताना मला न कळता! जुईली व्हिडिओ बघून दर शुक्रवारी पहाटे उतरत होती, आणि पाणी कुठे राहतं ते अरुणकुमार दाखवत होता. आरसा त्याने खैरानच्या कुठल्या तरी भंगारातून मिळवला. इंजिन पुरेसं तापलं पाहिजे म्हणून तोच एक चक्कर मारून आणायचा.

मी त्याला मिठी मारली. त्याला सवय नव्हती, कापसाच्या पोत्यासारखा उभा राहिला.

हिशेब विचारला. जुईली म्हणाली, "चौदा दिनार साडेसातशे फिल्स. आईला सांगा, बजेटमध्ये आहे."

गोळ्या सुरू होऊन अठरा दिवस झाले. आज चादरीची गाठ मी मारली. सैल बसली, पण बसली.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. रूपेशला तिळगूळ दिला. तो म्हणाला, "सर, तुमच्या खुर्चीवर बसायला जमत नाही अजून." मी म्हटलं, "बस. ती मागच्या पायात थोडी डगमगते, तेवढं सांभाळ."

२४ जानेवारी, शुक्रवार

जुईलीने मोटरसायकलच्या परवान्यासाठी अर्ज केला होता. कारचा तिला आहेच. काल चाचणीत नापास. इंग्रजी आठच्या आकड्यासारख्या वळणावर पाय टेकला. घरी येऊन दार आपटलं. मी बाहेरून म्हटलं, "मी टेकवायचा तेव्हा टेकवू शकलो नाही, तू नको तेव्हा टेकवलास. दोघांची बेरीज बरोबर झाली." मग आतून हसल्याचा आवाज. या आजारावर या घरात कोणी हसलं असं पहिल्यांदाच.

मी तिला सांगितलं, वळणात चाकाकडे बघायचं नाही, जिथे जायचंय तिकडे बघायचं. गाडी आपोआप येते.

३१ जानेवारी, शुक्रवार

भांडण झालं. पुण्याच्या कंपनीने जॉइनिंग पुढे ढकललं नव्हतं. जुईलीनेच विनंती केली होती, नोव्हेंबरच्या शेवटी. रेखाच्या तोंडून निघून गेलं. आणि आता ही मुलगी मार्चसुद्धा नको म्हणते. "आय कॅन वर्क फ्रॉम हिअर, बाबा. इथेच काहीतरी बघते. तुम्हाला कोण बघणार?"

मी फार चिडलो. आवाज चढला, मग हात थरथरायला लागला आणि आणखी चिडलो. म्हटलं, "मला आजार झालाय, तुला नाही झालेला. मी या वाळवंटात अठ्ठावीस वर्षं काढली ती तू माझी काठी व्हावंस म्हणून नाही."

ती म्हणाली, "पण मला राहायचंय!" आणि मराठीत म्हणाली. चिडल्यावर ही मुलगी इंग्रजीत जाते. आज गेली नाही. मग माझा राग कुठे गेला मलाच कळलं नाही.

शेवटी रेखाने निकाल दिला. नऊ मार्चला जुईली जाईल. दर चार महिन्यांनी येईल. तोपर्यंत तिला काय शिकायचंय ते शिकू दे.

तिने माझ्यासाठी काय केलं हे आधी कळलं असतं तर मी तेव्हाच ओरडलो असतो. कळलं नाही ते बरं झालं. दोन महिने सगळे शुक्रवार पोरीबरोबर मिळाले.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

पास. वळणावर तिने कुठे बघितलं ते विचारलं. म्हणाली, परीक्षा घेणाऱ्या पोलिसाच्या मिशीकडे.

डॉक्टर लुबनांकडेही जाऊन आलो. हात बराच मोकळा झालाय. मागे बसायला परवानगी दिली, फार लांब नाही आणि भरधाव नाही या अटीवर. मी विचारलं, खैरान लांब म्हणायचं का? त्या हसल्या. म्हणाल्या, मध्ये थांबा.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

राष्ट्रीय दिनाची सुट्टी. रस्त्यांवर सगळीकडे झेंडे. सकाळी लवकर निघालो, गर्दी व्हायच्या आत. जुईली पुढे, मी मागे. रेखाने खाली येऊन माझं हेल्मेट स्वतः बांधलं, आणि मग अर्धा मिनिट उगीचच त्याच्यावर हात ठेवून उभी राहिली.

सुरुवातीला मी पार्सलासारखा ताठ. प्रत्येक वळणावर माझा उजवा पाय आपोआप ब्रेक शोधायचा. जुईली ओरडली, "बाबा, पाय नका दाबू, मला कळतंय!" मध्ये एका पंपावर थांबलो, चहा घेतला, पाय मोकळे केले. त्यानंतर सोडून दिलं. चालवते तिला चालवू दे.

खैरानला पाण्याच्या खाड्या आत घुसल्या आहेत, रस्ता त्यांच्या कडेकडेने जातो. या रस्त्यावर मी चार वर्षं येत आलोय. मला आठवतं ते फक्त डांबर, वाळूचे पट्टे आणि पुढच्या गाडीचे दिवे. आज डाव्या हाताला पाणी होतं, सपाट, फिकट हिरवं, आणि त्यात फ्लेमिंगो उभे होते. शंभर तरी. एका पायावर, मान पाण्यात घालून. मी ओरडलो, "थांब, थांब!" जुईलीने घाबरून ब्रेक मारला. "काय झालं? दुखतंय का?"

"नाही ग. पक्षी!"

तिने आधी मला झापलं, मग पाहिलं, आणि इंजिन बंद केलं.

कठड्यावर दोघं बसलो. वारा गार होता आणि खारट. म्हणजे ओठांना लागला, त्यावरून. माझा डावा हात मांडीवर थोडा थरथरत होता. तिने त्यावर हात ठेवला नाही, विचारलंही नाही. पिशवीतून रेखाचे लाडू काढले, एक मला दिला, एक स्वतः घेतला.

एक पक्षी उडाला, मग सगळे. पंखांच्या आत केवढा लाल रंग असतो!

थोड्या वेळाने ती उठली आणि गाडीकडे बघून म्हणाली, "चला बाबा. इथली हवा खारी आहे, जाऊन लगेच धुवायला पाहिजे."

मी म्हटलं, "गंजू दे जरा. बस पाच मिनिटं."

ती बसली.